जय हिंद म्हणणारं दुकान आणि पिकअपचा फिल्टर

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर आधी माफी मागते. माझं अक्षर फाटक्या पोत्यातून लेंड्या सांडत गेल्यासारखं आहे, एक इथं, एक तिथं. ऱ्हस्व-दीर्घ शाळेत बहुतेक पाचवीत पक्के करून घेत असावेत. मी चौथीनंतर मेंढरांमागं गेले आणि मेंढरांना त्यातलं काही लागलं नाही. जोडाक्षर आलं की माझं पेन अजून दारात थांबलेल्या पाहुण्यासारखं अडतं. तेव्हा वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, आणि हसायचं असेल तर चुकांना हसू नये. हसण्यासारखं पुढं पुष्कळ आहे.

वही तशी गाडीची आहे. पहिल्या पानावर एकच नंबर लिहिला आहे आणि त्याला दोनदा चौकट केली आहे. तो आमच्या पिकअपच्या ऑईल फिल्टरचा नंबर. नंबर लिहिल्यावर पान रिकामं दिसायला लागलं, म्हणून तो नंबर का लिहावा लागला हे खाली लिहायला घेतलं, आणि मग थांबताच येईना. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. कागदासमोर एवढी भीड वाटत नाही.

आमचे मालक फौजेत ड्रायव्हर होते. बर्फात, वाळवंटात, पुलावरून, पूल नसेल तिथून, वीस वर्षं मोठाल्या गाड्या चालवल्या. नाईक म्हणून पेन्शनीवर घरी आले आणि जुनी पिकअप घेतली. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, पावसानं विसरलेल्या भागात. माझं माहेर मेंढरं राखणारं, सासरही तेच. भावकीतल्या वाडग्यांतून, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जागेतून, लेंडीखत निघतं. ते आम्ही पोत्यांत भरतो आणि तासगावकडच्या द्राक्षबागांना देतो. थोडी पोती सांगलीला विश्रामबागच्या बंगल्यांत जातात, कुंड्यांतल्या गुलाबांसाठी. बंगल्यातल्या बायका नाकाला रुमाल लावून पोती मोजून घेतात आणि पुढच्या महिन्यात आपणहून फोन करतात.

मालकांना गाडीतलं सगळं कळतं, पण विकत घेण्यातलं काही कळत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. फौजेत निवड करायची नसते. स्टोअरच्या खिडकीत चिठ्ठी द्यायची, आतून डबा येतो, सही करायची. वीस वर्षं आतून चांगलाच डबा आला. त्यामुळं सीलबंद डब्यातसुद्धा वाईट वस्तू असू शकते, ही गोष्ट त्यांना पेन्शनीवर आल्यावर शिकावी लागली, आणि शिकायची त्यांना मुळीच घाई नव्हती.

दुसरं म्हणजे, दुकानदारानं 'जय हिंद साहेब' म्हटलं की आमचे मालक संपले. छाती पुढं येते, हात खिशाकडं जातो. इतक्या वर्षांत मी त्याचा अंदाज बसवला आहे. दुकानदार नुसता 'फौजी' म्हणाला तर वस्तू रास्त भावात मिळते. 'हवालदार साहेब' म्हणाला तर थोडी महाग. 'सुभेदार साहेब' म्हणाला की नको असलेली वस्तूही पिशवीत येते. एकदा साताऱ्याच्या बाजारातून ते कॅप्टन होऊन परत आले. त्या दिवशी आमच्या घरात दुसरा मिक्सर आला. पहिलाच लाईट नसल्यानं आठवड्यातून दोनदा चालायचा.

तो फिल्टरही असाच साताऱ्याहून आला. महिन्याचं कँटीनचं सामान आणायला गेले होते. गाडीचं तेल बदलायची वेळ झालीच होती. स्टँडच्या अलीकडं एका नव्या दुकानात गेले, तिथल्या माणसानं कडक सलाम ठोकला आणि माजी सैनिकांना खास सूट आहे म्हणाला. अडीचशेचा फिल्टर शंभराला. वरचा पॅकिंगचा डबा इतका सुरेख होता की मी तो नंतर जिऱ्यासाठी ठेवला. मी विचारलं, एवढा स्वस्त कसा. ते म्हणाले, देशसेवेची किंमत असते काही लोकांना. मी गप्प बसले. गप्प बसायला मला कष्ट पडत नाहीत.

श्रावणात आम्ही पोती घेऊन सांगलीकडं निघालो होतो. विट्याच्या पुढं स्टिअरिंगपुढच्या काट्यांजवळ तेलाचा लाल दिवा पेटला. मी बोट दाखवलं. मालक म्हणाले, त्यांच्या युनिटच्या एका गाडीचा तो दिवा सहा वर्षं पेटलेलाच होता आणि ती गाडी लेहपर्यंत जाऊन आली होती. मी पुन्हा बोट दाखवलं. ते म्हणाले, ऊन पडलंय म्हणून तसा दिसतो. मग गाडीच्या पोटातून कुणीतरी उखळात खडे कुटत असल्यासारखा आवाज आला, आणि नंतर कुठलाच आवाज आला नाही. पोती ट्रॅक्टरनं पुढं गेली. आम्ही दुसऱ्या ट्रॅक्टरनं मागं आलो.

आमचे मिस्त्री तालुक्याच्या गावी असतात. त्यांनी इंजिन खोललं आणि तो फिल्टर करवतीनं कापून आमच्यासमोर धरला. फिल्टर म्हणजे बाहेरून तांब्याएवढा लोखंडी डबा, आत घड्या घातलेला कागद. तेल त्या कागदातून गाळून इंजिनात जातं. आमच्या फिल्टरात कागदाच्या घड्या उरल्याच नव्हत्या. पंगतीनंतर भिजलेल्या पत्रावळी जशा एकमेकींना चिकटून बसतात, तसा लगदा होता. त्याचे तुकडे तेलाच्या वाटेत जाऊन बसले, वाट तुंबली, आणि बेअरिंगं कोरडी फिरून जाम झाली. मिस्त्रींनी विचारलं, कितीला घेतला. मालकांनी आकाशाकडं बघत शंभर सांगितलं. इंजिनाचा खर्च पंचावन्न हजार आला.

पंधरा आमच्याकडं होते. चाळीस आक्कांनी दिले.

आक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. पाटणला राहतात. दाजी गेल्यापासून एकट्या आहेत आणि शाळेत मुलांची खिचडी शिजवतात. आमच्याकडं पाऊस फक्त पंचांगात असतो, पाटणला तो घरात असतो. आक्कांच्या घराची कौलं इतकी फुटलीत की पावसाळ्यात तीन पातेली मांडून, त्यांच्या मधल्या जागेत त्या झोपतात. कौलं काढून पत्रे टाकायचे म्हणून त्यांनी चार वर्षं खिचडीच्या मानधनातून पैसे साठवले होते. तेच काढून त्यांनी भावाच्या हातात ठेवले आणि एकच गोष्ट सांगितली, की पुढच्या पावसाआधी घरावर पत्रा पडला पाहिजे. सुताराला त्यांनी वैशाखातली तारीख देऊन ठेवली.

मालकांची मान वर होईना. आक्कांना ते बघवत नव्हतं बहुतेक, कारण त्या भावाला रडवत नाहीत, चिडवतात. कापलेला फिल्टर मी पिशवीत घालून नेला होता, नक्की काय झालं ते दाखवायला. आक्कांनी तो हातात घेतला, आतला लगदा काडीनं काढून टाकला, डबा राखेनं घासला आणि देवळीत ठेवला.

"पैसं आणशील ते ह्यात टाकायचं," त्या म्हणाल्या. "घाण अडवायला जमलं न्हाई ह्याला. पैसं तरी अडवतोय का बगू."

गाडी दुरुस्त झाली तेव्हा मिस्त्रींनी बजावलं, की इंजिन नवं बांधलंय, पहिल्या हजार किलोमीटरवर तेल आणि फिल्टर बदलायचा, आणि पुन्हा असलं काही लावलंत तर माझ्याकडं येऊ नका. मी त्यांनाच फिल्टर आणायला सांगावं असं मालकांना खुणावलं. मिस्त्री हसले. ते फक्त काम करतात, वस्तू गिऱ्हाईकानं आणायची. वस्तू आणली की लोक म्हणतात मिस्त्रीनं मधे खाल्लं.

मग मी ठरवलं, की पुढचा फिल्टर आणायला मी बरोबर जाणार. बोलणार नाही, पण जाणार.

गाडीबरोबर जुन्या मालकानं दिलेला एक वापरलेला फिल्टर गोठ्यात पडला होता, त्यात आम्ही खिळे ठेवायचो. मिस्त्रींना तो दाखवला तेव्हा त्यांनी तो चांगला होता असं सांगितलं. मी खिळे ओतले आणि मालकांच्या करवतीनं तो कापला. आतल्या घड्या मी मेंढरं मोजतात तशा दोन-दोन करून मोजल्या. साठाच्या वर होत्या, सगळ्या सारख्या अंतरावर, साडीच्या निऱ्या घातल्यासारख्या. साताऱ्याच्या फिल्टरात किती होत्या ते लगद्यामुळं कळलं नव्हतं, पण मिस्त्रींनी तशाच जातीचा एक टाकलेला दिला, त्यात तीस भरल्या नाहीत आणि त्याही एका बाजूला सरकलेल्या. चांगल्याच्या तोंडाला जे रबराचं कडं होतं ते इतक्या वर्षांनीही नखानं दाबलं की दबत होतं आणि परत वर येत होतं. वाईटाचं कडं चार दिवसांच्या भाकरीसारखं. चांगल्याच्या आत आणखी एक रबराची पातळ चकती होती. गाडी बंद केली की ती तेल मागं जाऊ देत नाही, असं मिस्त्रींनी सांगितलं. वाईटात तिच्या जागी जागाच होती.

आणि वजन. माझ्या वडलांनी मला मेंढी डोळे मिटून बघायला शिकवलं होतं. कमरेवर हात ठेवायचा, हाड लागतं का मांस ते बोटांनी बघायचं. लोकर सगळ्यांचीच सारखी दिसते, ते म्हणायचे. मी दोन्ही डबे दोन तळहातांवर घेऊन डोळे मिटून अंगणात उभी राहिले. तेवढ्यात मालक आले. टाचा जुळवून म्हणाले, तपासणी अधिकारी मॅडमना जवानाचा सलाम.

हजार किलोमीटर भाद्रपदात भरले. विश्रामबागला एका बंगल्यात सहा पोती उतरवली आणि मिस्त्रींनी सांगितलेल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकान जुनं, काउंटर तेलानं काळा, मागं छतापर्यंत डबे. काउंटरमागं पन्नाशीचा माणूस चष्मा कपाळावर चढवून बसला होता. मालकांची मिशी बघितली आणि तो उठून उभा राहिला.

"जय हिंद साहेब," तो म्हणाला.

मी मालकांच्या मागून पुढं झाले. परक्या माणसाच्या दुकानात काउंटरला हात लावायची ती माझी पहिलीच वेळ. मालकांनी गाडी सांगितली, त्यानं तीन फिल्टर मांडले. मी एकेक उचलला. तळहातावर तोलला, कड्यावर नख दाबलं, मोबाईलचा उजेड पाडून भोकांतून आत बघितलं. एक तर हलका वाटला म्हणून बाजूला सारला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती बघायला लागली. माझे कान तापले, पण हात थांबेनात.

"वयनी, वांगी न्हाईत ती," दुकानदार म्हणाला, आणि ती गिऱ्हाइकंही त्याच्याबरोबर हसली.

मी मान वर न करता बोलले. आवाज माझाच होता, पण तो कुणीतरी दुसरीनं काढल्यासारखा वाटला.

"वांगं किडकं निघालं तर येक भाजी जाती, दादा. आमचं इंजान गेलंय."

तो हसायचा थांबला. गिऱ्हाइकंही थांबली. मग मला जरा धीर आला, आणि तिथंच घोटाळा झाला.

त्याच्या मागं, वरच्या फळीवर, एक फिल्टर उघडाच ठेवला होता. गडद रंगाचा, ह्या तिघांपेक्षा उंच, अंगानं भरलेला. मी बोट दाखवलं. त्यानं नाइलाजानं काढून दिला. हातात घेतला तर काय वजन. कडं लोण्यासारखं मऊ. आतली चकती जाडजूड. मी म्हटलं, हा द्या. तो म्हणाला, हा तुम्हाला द्यायचा नाही.

आता, ज्यानं मेंढरांचा बाजार केला नाही त्याला हे कळणार नाही. बाजारात कळप बघत फिरताना विकणारा दहा मेंढ्या पुढं करतो आणि एकीवर हात ठेवून म्हणतो, ही द्यायची नाही. जाणत्या माणसानं तीच मागायची. कळपातली सगळ्यात चांगली ती असते. वडलांनी आयुष्यभर तसंच केलं आणि कधी फसले नाहीत. तेव्हा तो 'द्यायचा नाही' म्हणाला आणि माझा निश्चय पक्का झाला. तो पुढं म्हणाला, की हा ट्रॅक्टरचा आहे, तुमच्या गाडीला बसणार नाही. मला वाटलं, न देण्याचं कारण काहीतरी सांगावंच लागतं. मेंढीवाला सांगतो ती गाभण आहे, हा सांगतो ट्रॅक्टरचा आहे.

मी मालकांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग फिल्टरकडं. त्यांची मिशी जरा हलली. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं पाकीट काढलं आणि दुकानदाराला म्हणाले, "घरच्यांचा हुकूम हाय. द्या."

सांगली ते तालुक्याचं गाव, दोन तासांहून जास्त रस्ता. मालक वाटभर शीळ वाजवत होते. मला वाटलं, बायको एवढी हुशार निघाली म्हणून खुशीत आहेत. मी फिल्टर पदरात घेऊन बसले होते, लेकरासारखा.

मिस्त्रींनी तेल सोडलं, जुना फिल्टर काढला, हात पुढं केला. मी पदरातून काढून दिला. त्यांनी तो बघितला, उलटा केला, आतल्या आट्यांवर बोट फिरवलं आणि माझ्याकडं फार आदरानं बघितलं.

"वयनी, फिल्टर येक नंबर हाय," ते म्हणाले. "आता येवढा ट्रॅक्टर घ्या."

मालक पाना हातात घेऊन गाडीच्या पलीकडं गेले होते. तिथून आधी काहीच ऐकू आलं नाही, मग खोकल्यासारखं आलं. मी पलीकडं गेले तर ते चाकाला टेकून खाली बसले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांना दुकानातच माहीत होतं. वीस वर्षं गाड्यांत घालवलेल्या माणसाला ट्रॅक्टरचा फिल्टर ओळखता येणार नाही का. महिनाभर मी त्यांना शंभर रुपयांवरून जे जे ऐकवलं होतं, त्याची त्यांनी एका दिवसात फेड केली होती. मी रागानं त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. तसं मी एरवीही फार बोलत नाही, त्यामुळं त्यांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

गाडी दोन दिवस तेलाशिवाय मिस्त्रींकडं उभी राहिली. आम्ही एस.टी.नं परत सांगलीला गेलो. दुकानदारानं ट्रॅक्टरचा परत घेतला, पहिल्या तिघांतले मी न सारलेले दोन पुढं ठेवले. मी बाजूला सारलेला तिसरा त्यानं मला दाखवून काउंटरखाली टाकला. तो ज्या खोक्यातून आला त्यातलाच दुसरा आठवड्यापूर्वी एका गिऱ्हाइकानं गळतो म्हणून परत आणला होता. दुकानदार म्हणाला, वजन, रबर, घड्या, तुमचं सगळं बरोबर आहे, पण त्याआधी एक बघायचं असतं. त्यानं डब्यावरचा नंबर दाखवला. गाडीच्या पुस्तकात जो नंबर आहे तो आणि हा एक पाहिजे. वस्तू कितीही चांगली असली तरी ती ज्याची त्यालाच बसते. मग पक्कं बिल घ्यायचं, म्हणजे उद्या काही झालं तर येऊन विचारता येतं. इंजिन ज्यानं गेलं त्या फिल्टरचं बिल आहे का, त्यानं विचारलं. मालक पुन्हा आकाशाकडं बघायला लागले. दुकानात आकाश नव्हतं, म्हणून पंख्याकडं.

निघताना तो परत उठून जय हिंद म्हणाला. आता मी नीट बघितलं. काउंटरच्या आत, गिऱ्हाइकाला सहज दिसणार नाही अशा जागी, वर्दीतल्या एका तरुणाचा फोटो लावला होता. मालकांनी विचारलं. मुलगा, तो म्हणाला, सध्या वर बर्फात आहे, पंधरा दिवस झाले फोन लागत नाही. मालक मग तिथं अर्धा तास उभे राहिले. बर्फात फोन का लागत नाही, त्याचा अर्थ वाईट नसतो, रोटी कशी पोचते, सगळं सांगत. मी फिल्टर घेऊन पायरीवर बसले. सगळे जय हिंद सारखे नसतात, हे मलाही शिकावं लागलं, आणि मालकांना चिडवायचं माझं एक चांगलं साधन त्यात निम्मं कमी झालं.

त्याच संध्याकाळी मी वाण्याकडून ही वही आणली आणि पहिल्या पानावर नंबर लिहिला.

भाऊबीजेला पाटणला गेलो. आक्कांनी ओवाळलं, मालकांनी ताटात पाचशेची नोट टाकली. आक्कांनी ती उचलून उजेडाकडं धरली आणि देवळीतल्या डब्याकडं बोट केलं. ओवाळणी का हप्ता, त्यांनी विचारलं. मालक म्हणाले, ओवाळणी. आक्का म्हणाल्या, मग हप्ता कुठाय. मालकांनी दुसऱ्या खिशातून सहा हजार काढले आणि डब्यात टाकले. आक्कांनी ओवाळणीची नोटही त्यातच सारली, डबा हलवून बघितला, कानाशी लावला, आणि गळत नाही असं सगळ्यांना सांगितलं.

थंडीभर गाडी चालली. बागांची छाटणी झाली होती, खताला मागणी होती. महिन्याला डब्यात कधी सात हजार, कधी चार, एकदा नुसते दीड. फाल्गुनात परत तेल बदललं. फिल्टर मी आणला, वही उघडून, नंबर जुळवून. मिस्त्रींनी कड्याला बोटानं तेल लावून हातानंच घट्ट बसवला आणि मला म्हणाले, ट्रॅक्टर अजून घेतला नाही वाटतं.

एकदाच जीव घाबरला. चैत्रात, पोती भरून तासगावकडं जाताना तो लाल दिवा पुन्हा पेटला. मी बोट दाखवायच्या आत मालकांनी गाडी कडेला घेऊन बंद केली होती. लेह आठवलं नाही, ऊनही आठवलं नाही. आम्ही दोघं उन्हात गाडीपुढं उभे राहिलो. त्यांनी तेलाची काडी काढून बघितली, खाली वाकून फिल्टरभोवती हात फिरवला, हात कोरडा. आठ हजार द्यायचे राहिले होते आणि सुताराची तारीख महिन्यावर आली होती. मी बघितलं, त्यांनी तो कोरडाच हात माझ्या पदराला पुसला. मिस्त्री मोटरसायकलवरून आले. दिव्याच्या वायरीला उंदरानं दात लावले होते. इंजिन ठणठणीत. मालकांनी मिस्त्रींना चहा पाजला, आणि मी बघत नाही असं समजून बॉनेटवर दोनदा थाप मारली.

त्यानंतर एकदा साताऱ्याला एका दुकानात वायपर घ्यायला गेलो. दुकानदारानं जय हिंद सुभेदार साहेब म्हटलं. मालकांची छाती पुढं आली, ती आता मरेपर्यंत येणार. पण हात खिशाकडं न जाता वायपरकडं गेला. त्यांनी रबर नखानं दाबलं. मग दुसरं दाबलं. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "बग की गं तूबी जरा."

वैशाखात सुताराच्या तारखेच्या आदल्या दिवशी आम्ही पाटणला गेलो. गाडीत ह्या वेळी खत नव्हतं, आक्कांचे पत्रे होते, दुकानातून उधारीवर उचललेले. सांगलीतून भाड्याविना आणले, तेवढं तरी आमच्याकडून. मालकांनी उरलेले आठ हजार खिशातून काढले आणि देवळीपाशी गेले. आक्का म्हणाल्या, थांब, मोजायचं. त्यांनी डबा खाली घेतला, चटईवर उपडा केला. आधीचे बत्तीस हजार त्यांनी खर्चले नव्हते. महिन्या-महिन्यानं आलेले, वेगवेगळ्या घड्यांचे, तसेच होते.

त्यांना मोठे आकडे नीट जमत नाहीत, म्हणून मला बसवलं. मी दोन-दोन करून मोजले, मेंढरं मोजतात तसे. ओवाळणीची पाचशेची नोट निघाली, ती आक्कांनी झटकन कमरेला खोचली, ती हिशेबातली नव्हती. बाकीचे सगळे मोजून झाले. मी परत एकदा मोजले, कारण माझा माझ्यावर तेवढा विश्वास नाही.

"चाळीस," मी म्हटलं. "बरोबर चाळीस."

आक्कांनी गठ्ठा कपाळाला लावला, अर्धे त्यातून सुताराला द्यायला वेगळे काढले, अर्धे पत्र्यांच्या उधारीला, आणि रिकामा डबा भावाच्या हातात दिला. पैसे फिटले.